सगळं डावीकडे

आमच्या जावयाला कुठलीही चालू वस्तू बघवत नाही. चालू आहे म्हणजे जुनी झाली असणार, एवढंच त्याला कळतं. फोन दर वर्षी नवा. घराचं कुलूप चांगलं होतं, ते काढून बोटाच्या ठशावर उघडणारं बसवलं. आता माझी मुलगी झाडांना माती घालून आली की मळलेलं बोट पुसत स्वतःच्याच दाराबाहेर उभी असते. या माणसाने माझ्या बायकोचा कॉम्प्युटर सुधारला.

ती गेली त्याला तेव्हा सात महिने झाले होते.

ती प्रूफं तपासायची. सव्वीस वर्षं एकाच छापखान्याची प्रूफं तपासली, त्यातली शेवटची पंधरा घरी बसून, मागच्या खोलीतल्या खिडकीजवळच्या टेबलावर. मी पंपांच्या कारखान्यात टर्नर होतो. लेथवर चौतीस वर्षं काढली. एका केसाचा फरक मला नुसत्या डोळ्यांनी कळायचा, मायक्रोमीटर नंतर लावायचो. हे मी फुशारकीने सांगत नाही. पुढे ते कामाला येणार आहे म्हणून सांगतो.

तिचा कॉम्प्युटर जुना झाला आणि त्यावर नेहमीची सिस्टिम चालेना, तेव्हा तिने लिनक्स बसवलं. ते फुकट मिळतं आणि जुन्या यंत्रावरही चालतं. त्याची एक तऱ्हा आहे. आतलं यंत्र तेच राहतं, पण पडद्यावरची मांडणी, म्हणजे पट्टी कुठे, बटणं कुठे, खिडक्या कशा उघडायच्या, ही वेगळी मिळते आणि दहाबारा प्रकारची मिळते. तिला डेस्कटॉप म्हणतात. हवा तो बसवा, नको तो काढा. जगात असे लोक आहेत म्हणे, जे दर महिन्याला डेस्कटॉप बदलतात आणि त्यावरून एकमेकांशी वर्षानुवर्षं भांडतात. माझ्या हाताखाली असते तर एकेकाला कानस देऊन लोखंड घासायला बसवलं असतं.

तिने मात्र महिनाभरात तीन वापरून पाहिले आणि एक निवडला. प्रत्येकाबद्दल वहीत लिहिलं, जसं ती पुस्तकाबद्दल लिहायची. एकाची खूण पाऊल होती. त्याच्याखाली तिने लिहिलं, 'सुंदर आहे. पण घर त्यांचं, मी पाहुणी.' दुसऱ्याची खूण दातेरी चाक. 'इतकी बटणं, की ती लावण्यातच निवृत्त व्हायची.' तिसऱ्याची खूण उंदीर. 'साधा. सांगितलेलं ऐकतो.'

मी ते वाचून म्हणालो, "सांगितलेलं ऐकतो म्हणजे माझ्यापेक्षा बरा."

"अहो, तुमच्यापेक्षा लिफ्टसुद्धा बरी," ती म्हणाली. "बटण दाबलं की येते तरी."

तर उंदीर. नऊ वर्षं तोच. शेवटच्या वर्षात ती त्यातल्या वस्तू इकडच्या तिकडे हलवायला लागली. आज पट्टी, उद्या घड्याळ. मी चहा घेऊन खोलीत गेलो की काहीतरी सरकलेलं असायचं.

"अगं, सगळं डावीकडे का ढकलतेस? एक दिवस कलंडेल तो पडदा."

"कलंडला तर तुम्ही आहात ना टेकू द्यायला."

"मी कशाला टेकू देतोय त्या खेळण्याला? रिकामपणचे उद्योग नुसते."

मी असं म्हणालो होतो. नेमकं हेच.

पुढच्या जानेवारीत ती स्वयंपाकघरात पडली. डोक्यात गाठ निघाली. एप्रिलमध्ये ती गेली.

लोक भेटायला येत. येणाऱ्यांतले निम्मे जण स्वतःच्या गुडघ्यांबद्दल बोलून जात. छापखान्याचा मालकही आला. खुर्ची चांगली आहे की नाही हे हाताने चाचपून बसला. म्हणाला, "वहिनींसारखी नजर नव्हती कोणाची. पण शेवटी शेवटी लक्ष उडालं होतं हो त्यांचं. चुका सुटायला लागल्या. नाइलाजाने काम काढून घ्यावं लागलं मला."

नुकत्याच गेलेल्या बाईच्या घरात बसून हे बोलला. जाताना फाटक उघडं टाकून गेला. माणूस काय लायकीचा आहे ते फाटकावरून कळतं.

तरी मी त्याला काही बोललो नाही, कारण काम काढून घेतलं त्या दिवशी मीही तिला तेच म्हणालो होतो. "वय झालं आता. नजर गेली की नाव जातं. त्याआधी सोडावं." सुटलेल्या चुकांभोवती लाल गोल काढून मालकाने शेवटचा गठ्ठा तिच्याकडे परत पाठवला होता. तो तिने खणात घातला आणि खण लावून घेतला.

ती गेल्यावर मी रोज सकाळी चहा घेऊन तिच्या टेबलाशी बसायचो. कॉम्प्युटरवर तिने शिवलेलं निळं झाकण असायचं, ते काढायचो आणि कॉम्प्युटर लावायचो. पासवर्ड तिने मला दवाखान्यात सांगितला होता. पडदा करडा, चित्रबित्र नाही. डाव्या कडेला उभी पट्टी, तिच्याजवळ तिने चिकटवलेली एक पिवळी चिठ्ठी. 'गॅस. मुलीला फोन. पान ४१ परत बघणे.' चहा संपेपर्यंत मी ते बघत बसायचो. मग बंद करायचो. मला त्या यंत्राकडून याहून जास्त काही नको होतं. ती उठून गेली तेव्हा जसं होतं, तसं राहावं, एवढंच.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी मुलगी आणि जावई आले. मी केस कापायला गेलो. तासाभराने परत येतो तर जावई तिच्या खुर्चीवर.

"या बाबा, बघा," तो म्हणाला. "आईंचं काय भयंकर जुनं होतं! आता हे कोण वापरतं? नवा डेस्कटॉप टाकून दिला तुम्हाला."

पडद्यावर जांभळे डोंगर होते. वर काळी पट्टी. पाऊलवाला.

"चिठ्ठी कुठे आहे?" मी विचारलं.

"कसली चिठ्ठी?"

"पिवळी. डावीकडे होती."

"ते जुन्यातलं असणार. ते गेलं, बाबा. मुळासकट काढलंय. उगाच जागा खात होतं."

"कोणाला विचारून काढलंत?"

त्याने बायकोकडे पाहिलं. मुलगी म्हणाली, "बाबा, त्यांनी चांगल्या मनाने केलं."

"चांगल्या मनाने एकदा माझ्या साहेबाने चालू लेथला तेल घातलं होतं," मी म्हणालो. "दोन बोटं गेली त्याची."

जावई हसला. त्याला वाटलं मी गंमत करतोय. "बाबा, तुम्हाला सवय झाली की तुम्हीच म्हणाल. अपडेटेड राहायचं. आणि माझ्या माहितीप्रमाणे तुम्हाला तर हा कॉम्प्युटर लागतही नाही."

"तुमची माहिती ठेवा तुमच्याकडे. आणि उठा त्या खुर्चीवरून."

ते जेवून जाणार होते, न जेवता गेले.

पुढचे तीन आठवडे मी झाकण काढलं नाही. मागच्या खोलीत जातही नव्हतो. मुलगी फोन करायची, मी 'हं' म्हणायचो. मुळासकट, हा शब्द डोक्यात घुमत होता. माणूस गेलं ते गेलं, तिचं टेबल होतं तेही या शहाण्याने पुसून टाकलं. आणि त्याला ते माझ्यासाठी केलेलं काम वाटत होतं. याचा जास्त संताप.

मग एकदा वीजबिलाचा जुना कागद शोधताना तिचा खण उघडला. वर तो लाल गोलांचा गठ्ठा. खाली वही. मी वही काढली आणि गठ्ठा तसाच ठेवला. मला ते गोल बघायचे नव्हते.

वही चाळताना वीस एप्रिलचं पान लागलं, तिच्या आजाराच्या आदल्या वर्षीचं.

'उंदीर बिघडला. काढून टाकला. परत बसवला. सगळं जिथल्या तिथे! प्रोग्रॅम काढला तरी आपली मांडणी जात नाही. ती घराच्या फोल्डरात लपून राहते, बिंदूपासून सुरू होणाऱ्या नावांखाली. काढणाऱ्याला वाटतं सगळं गेलं.'

मी ते उभ्याउभ्याच चारदा वाचलं. मुळासकट म्हणे! शिकलेला माणूस, कॉम्प्युटरवर पगार घेतो, आणि याला एवढं ठाऊक नाही. भांडी उचलून नेली आणि घर पाडलं, असा समज करून बसला.

त्याखाली तिने करायचं काय ते ओळीने लिहिलं होतं. काळी खिडकी कशी उघडायची, तिच्यात कुठली ओळ टाइप करायची, कुठे मोकळी जागा सोडायची. जागेच्या ठिकाणी तिने प्रूफातली खूण केली होती, ती मला कळायची. मी खुर्चीवर बसलो आणि एका बोटाने एकेक अक्षर दाबलं. दोनदा यंत्राने नाही म्हटलं. तिसऱ्यांदा अक्षरं भराभर वर पळायला लागली आणि थांबली. मी कॉम्प्युटर बंद करून परत लावला.

जांभळे डोंगर.

मी इतकी अर्वाच्य शिवी दिली की खिडकीवरचं कबूतर उडालं. मग वहीत पुढे पाहिलं. 'दोन डेस्कटॉप असले तर पासवर्ड टाकण्याआधी कुठला हवा ते सांगावं लागतं. नावावर क्लिक केल्यावर एक छोटं चक्र येतं, त्यात यादी. चक्र दिसेना. पाऊण तास शोधलं. उजवीकडे अगदी खाली होतं.'

पाऊण तास! मला हसू आलं. परत बंद, परत चालू, नावावर क्लिक. चक्र समोर होतं. आंधळ्यालाही दिसावं असं, करड्या पडद्यावर पांढरं. मला दोन सेकंद लागले. पूर्णविरामाच्या जागी स्वल्पविराम पडला तरी ओळखणारी बाई, आणि तिला पाऊण तास? तेव्हा मी तिच्या नावाने मान हलवली, हे लिहून ठेवतो.

चक्रात उंदीर निवडला. पासवर्ड टाकला.

करडा पडदा आला. डावीकडे उभी पट्टी, तिच्या पायथ्याशी घड्याळ. गॅस. मुलीला फोन. पान ४१ परत बघणे.

त्या दिवशी चहा नव्हता, तरी बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका हातात कप होता म्हणून झाकण डाव्या हाताने ओढलं. ते अर्धंच निघालं. उजव्या अर्ध्या पडद्यावर ते तसंच लोंबत राहिलं. कप ठेवायला जागा नव्हती, मी तसाच बसलो आणि कॉम्प्युटर लावला. उंदीर यंत्राच्या कालपासून लक्षात होता, त्याने परत विचारलं नाही. पासवर्ड टाकला, चिठ्ठी वाचली. घड्याळ पाहिलं. तिची एक जुनी फाइल उघडली, ती डाव्या अर्ध्यात उघडली. ओळी अर्ध्या रुंदीत मोडलेल्या, वाचता आल्या. बंद करायचं बटण डावीकडच्या कोपऱ्यात. फाइल बंद केली. चहा संपला, कॉम्प्युटर बंद करायला गेलो, तेही डावीकडे. मग झाकण नीट घालायला हात पुढे केला आणि माझ्या लक्षात आलं की ते अर्ध्या पडद्यावर सगळा वेळ होतं आणि माझं काहीही अडलं नव्हतं.

मी परत कॉम्प्युटर लावला. झाकण उचललं. उजवीकडे काहीच नव्हतं. एक बटण नाही, एक अक्षर नाही. परत झाकण टाकलं. काहीच झाकलं गेलं नाही.

जानेवारीत डॉक्टरांनी तिच्यासमोर बोट धरलं होतं. डावीकडून नेलं तर तिला दिसत होतं. उजवीकडे नेलं की ती म्हणायची, "कुठे गेलं?" डॉक्टरांनी विचारलं, "हे कधीपासून?" ती म्हणाली, "पंधरा दिवस झाले असतील." मी शेजारीच उभा होतो आणि मीही मान डोलावली. पंधरा दिवस. बरोबर.

मी वही घेतली. आता सूचना सोडून तारखा वाचल्या.

'१२ फेब्रुवारी. पट्टी खालून काढून डावीकडे उभी लावली. आता बरं.' '३ मार्च. बंद करायचं बटण डावीकडे आणलं. सारखं शोधावं लागत होतं.' मग ते वीस एप्रिल. पाऊण तास. '९ जून. मजकुराची खिडकी अर्धी केली, डावी. चष्म्याचा नंबर बघायला हवा.' '१७ ऑगस्ट. माऊसचा बाण सगळ्यात मोठा केला. तरी हरवतो. त्यांना सांगितलं तर म्हणतील रिकामपणचे उद्योग.'

त्यांना म्हणजे मला.

फेब्रुवारी ते जानेवारी. अकरा महिने. तिला दिसत नव्हतं हे तिला तरी पुरतं कळलं होतं की नाही कोण जाणे. हरवलं की ती ते उचलून दिसेल तिकडे ठेवत होती. सांगितलेलं ऐकणारा तो एकच होता, आणि तो ऐकत होता.

मग तो गठ्ठा काढला. छापून आलेली पानं पूर्ण रुंदीची. मालकाने लाल पेन्सिलीने केलेले गोल मी बघितले. ओळीच्या सुरुवातीला एक नाही. मध्ये एक नाही. सगळे ओळीच्या शेवटी, उजव्या समासाला लागून, पानामागून पान, वरपासून खालपर्यंत रांगेत. लेथवरच्या कुठल्याही पोराने असे एकाच बाजूला बिघडलेले चाळीस जॉब आणले असते, तर मी त्याला एका शब्दाने बोललो नसतो. आधी यंत्र तपासलं असतं. मालकाने हे गोल स्वतःच्या हाताने काढले आणि त्याला रांग दिसली नाही. त्याला लक्ष उडालेलं दिसलं.

त्याला नावं ठेवायची हौस माझी तिथेच संपली. तो परका माणूस. मी तर रोज सकाळी चहा घेऊन तिच्या मागे उभा राहत होतो. केसाचा फरक ओळखणारा. पडदा कलंडेल म्हणून हसणारा.

पुढच्या रविवारी मुलगी जावयाला घेऊन आली, बहुतेक समेट करायला. जावई सवयीने मागच्या खोलीत डोकावला.

"बाबा! परत तेच बसवलंत? कोणाकडून करून घेतलंत?"

"तुमच्या सासूबाईंकडून."

तो खुर्चीवर बसला नाही. उभ्यानेच माऊस धरून फाइल उघडली आणि ती बंद करायला हात आपसूक उजव्या कोपऱ्याकडे गेला. तिथे फिरवून फिरवून बघितलं. "इथे तर काहीच नाही."

"तिच्यालेखीही नव्हतं," मी म्हणालो.

मग मी मुलीला आत बोलावलं आणि झाकण अर्धं टाकून दाखवलं. वहीतली पानं दाखवली. गठ्ठा दाखवला. ती ओळीच्या शेवटच्या गोलांवरून बोट खाली नेत गेली.

"आईने सांगितलं का नाही कोणाला?"

"मला तरी कुठे सांगितलं," मी म्हणालो.

"तुम्ही विचारलं होतंत?"

तिच्या आवाजात राग नव्हता. उत्तर वहीत होतं, सतरा ऑगस्टला, आणि ते तिने वाचलेलं होतं.

जावई गठ्ठ्याच्या कडा जुळवत उभा होता. माझ्या मनात आलं, याने तोंड उघडलं आणि काही शहाणपणाचं बोलला तर याला बाहेर काढीन. तो कडाच जुळवत राहिला.

"जावईबापू," मी म्हणालो, "ते चक्र. पासवर्डच्या आधीचं. ते उजवीकडे खाली आहे. तेवढं एकच तिला हलवता आलं नव्हतं. येतं का हलवता?"

त्याने पडद्याकडे पाहिलं, मग वहीकडे. "हे जे आहे त्यात नाही येत. पण आत शिरण्याचा तो पहिला पडदा वेगळा मिळतो, साधा. त्यात डावीकडे आणता येईल."

"मग आणा."

"बाकी कशाला हात लावत नाही," तो म्हणाला आणि मला विचारून खुर्चीवर बसला.

अर्धा तास लागला. तेवढ्या वेळात तो एकदाही 'हे आता कोण वापरतं' असं म्हणाला नाही. मुलगी चहा घेऊन आली. त्याने कॉम्प्युटर बंद केला, परत लावला आणि उठून बाजूला झाला. मी निळं झाकण उजव्या अर्ध्यावर टाकलं आणि बसलो. तिचं नाव आलं. चक्र डावीकडे होतं.